जीपचा गिअरबॉक्स बदलताना : आधी टेप, मग पाना

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण मशीन डिझाइनच्या तासाला जे डोक्यावरून गेलं, ते मला अँटॉप हिलच्या एका गॅरेजमध्ये, जीपखाली पडून समजलं. तेच इथे मांडतो.

मुंबईचं आणि जीपचं नातं जुनं. 1947 मध्ये महिंद्राने विलीज जीपची जुळणी इथेच सुरू केली. त्याच घराण्यातली, चार गिअरची, फोर-व्हील-ड्राइव्ह एम.एम. 540 माझ्या काकांकडे आहे. तिचा गिअरबॉक्स गेला. काका म्हणाले, "जमलं तर बघ, नाहीतर भंगारात देतो." नंतरच्या जीपमधला पाच गिअरचा बी.ए.-10 मिळाला. तो बसवायचं ठरलं.

फायदा काय? आमच्या डिफरन्शिअलला 43 आणि 8 दाते, म्हणजे रेशो 5.38. चाकाचा घेर 2.2 मीटर धरला, तर ताशी 60 किलोमीटरला 1:1 च्या टॉप गिअरमध्ये इंजिन मिनिटाला सुमारे 2,440 फेरे मारतं. पाचवा गिअर 0.85 चा धरा, की तेच 2,080 वर येतं. हायवेला इंजिनला तेवढाच आराम.

इथपर्यंत वहीतलं गणित बरोबर होतं. चूक पुढे झाली. अडॅप्टर धरून नवा बॉक्स 10 सेंटिमीटर लांब होता. म्हणजे ट्रान्सफर केस तेवढा मागे सरकणार, मागचा प्रॉपेलर शाफ्ट आखूड लागणार आणि पुढचा लांब. मी काही न मोजताच क्रॉस मेंबर कापून वेल्ड करून घेतला. उस्ताद फक्त एवढंच म्हणाले, "इंजिनिअरसाहेब, टेप कुठाय?"

शाफ्ट 50 सेंटिमीटरचा आणि उतार 15 चा असेल तर कोन साडेसतरा अंश. शाफ्ट 40 चा झाला की तोच 22 अंश! युनिव्हर्सल जॉइंट वाकलेला असला की पुढच्या शाफ्टचा वेग एका फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे आणि योक एका रेषेत असतील, तरच हा फरक खोडला जातो. आमचे कोन जुळत नव्हते. चाळिसच्या वर जीप थरथरायची. शेवटी क्रॉस मेंबर पुन्हा कापला, ट्रान्सफर केस थोडा खाली घेतला, कोन जुळवले. काकांचे पैसे गेले आणि माझी दिवाळीची सुट्टी.

म्हणून लक्षात ठेवा :

1. नुसत्या जॅकवर विसंबू नका. गाडी घोड्यांवर घ्या. बॉक्स छातीवर पडला तर व्हायव्हा द्यायला कोणी उरणार नाही.

2. इनपुट शाफ्टचे स्प्लाइन क्लच प्लेटमध्ये आधी हाताने बसवून बघा. शाफ्टचं टोक फ्लायव्हीलकडच्या पायलट बेअरिंगमध्ये जातं का तेही तपासा.

3. बॉक्स बोल्टने ओढून बसवू नका, कान तुटतो. अंतर राहिलं तर क्लच प्लेट मध्यावर नाही असं समजा.

4. ट्रान्सफर केसचं पुढचं तोंड आणि पुढचा डिफरन्शिअल एकाच बाजूला हवेत.

5. शाफ्टचं माप गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना घ्या.

6. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 गाडीतल्या बदलांबद्दल आहे. आर.टी.ओ.त आधी विचारा, मग पाना उचला.

जीप आता चालते. भंगारवाल्याला काकांनी परत पाठवलं. मात्र टूलबॉक्समध्ये सगळ्यात वर त्यांनी एक नवा टेप ठेवलाय, खास माझ्यासाठी.