जेली, पायाची सूज आणि दाबाचे मोजे

आपल्या समाजात पायाला सूज येणे ही गोष्ट कोणी आजार म्हणून धरीत नाही. दिवसभर शेतात राबणाऱ्या बाया, दुकानात उभे राहणारे नोकर, रात्रपाळीचे चौकीदार असे सगळेच "उभ्याचे काम, पाय जड होणारच" म्हणून सोडून देतात. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाण्यासाठी शेगाव स्टेशनवर गर्दीच्या गाडीत चढलेला माणूस रात्रभर पाय लोंबते ठेवून बसतो आणि दादरला उतरताना त्याचा पाय चपलेत मावत नाही. ही सूज का येते, केव्हा परतते आणि केव्हा परतत नाही, हे प्रस्तुत लेखात आपण पाहणार आहोत. त्यासाठी सुरुवात स्वयंपाकघरातून करू.

जेली कशी थिजते व वितळते?

चायना ग्रास हा पदार्थ समुद्री शेवाळापासून मिळतो. शंभर भाग पाण्यात त्याचा एखादा भाग उकळून थंड केला, तर सगळे पाणी थिजते. त्याचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. अशा रेणूंना बहुवारिक म्हणतात. थंड होताना या साखळ्या एकमेकींना पीळ घालून जाळे विणतात आणि पाणी त्या जाळ्यात अडकते. साखळ्यांमधील बंध दुबळे असतात. उष्णतेने ते सुटतात, गारव्याने पुन्हा जुळतात. म्हणून ही जेली कितीही वेळा वितळवावी आणि थिजवावी.

यात एक गंमत आहे. चायना ग्रास साधारण ३५ ते ४० अंश सेल्सिअसला थिजते, पण पुन्हा वितळायला तिला सुमारे ८५ अंश लागतात. हाडे-कातडीपासून काढलेल्या जिलेटिनची जेली मात्र ३० ते ३५ अंशांतच पाणी होते. आपल्याकडच्या मे महिन्यात दोन वाट्या बाहेर ठेवल्या, तर एक टिकेल, दुसरी वितळेल. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग अवश्य करावा. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत १८८१-८२ च्या सुमारास जंतू वाढविण्यासाठी जिलेटिन वापरीत आणि ते शरीराच्या उष्णतेला वितळून जाई. तेथील वॉल्टर हेस यांच्या पत्नी फॅनी हेस यांनी आपल्या स्वयंपाकातील हे शेवाळ सुचविले. आजही जगभर जंतू त्याच्यावरच वाढवितात. एका गृहिणीच्या अनुभवाने विज्ञानाची अडचण दूर केली, हे आपल्या मुलींनी लक्षात ठेवावे.

याउलट अंडे उकडले की पुन्हा कच्चे होत नाही. म्हणजे बदल दोन प्रकारचे : परतणारा आणि न परतणारा.

पायातील जेली

आपल्या शरीरातील पेशींच्या मधल्या जागेतही एक प्रकारची जेली असते. कोलॅजेनचे तंतू व हायलुरॉनिक आम्ल यांच्या जाळ्यात तेथले पाणी धरलेले असते. ती तापाने वितळत नाही. पण रक्तातून पाणी जास्त पाझरले आणि लसिकावाहिन्यांना ते वाहून नेता आले नाही, तर जाळे आधी फुगते व नंतर मोकळे पाणी साठू लागते. अंगठ्याने दाबले की खळगा पडतो, तो याच पाण्यामुळे.

स्तब्ध उभे राहिल्यास घोट्याजवळील शिरांत पाऱ्याच्या सुमारे ८० ते ९० मिलिमीटर इतका दाब असतो. चालू लागलो की पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात आणि हा दाब ३० च्या आसपास उतरतो. म्हणून चालण्यापेक्षा नुसते उभे राहणे किंवा पाय लोंबवून बसणे अधिक बाधते.

रात्री झोपल्यावर उतरणारी सूज ही परतणारी सूज. पण लसिका तुंबून प्रथिनयुक्त पाणी वर्षानुवर्षे साठले, तर तेथे नवे तंतू व चरबी वाढते, कातडी जाड होते, दाबून खळगा पडत नाही. हे उकडलेले अंडे झाले! नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पूर्व विदर्भातील जिल्ह्यांत डासांमुळे पसरणाऱ्या हत्तीरोगाने कित्येकांचे पाय असे झाले. २००४ पासून देशात सामूहिक औषधोपचाराची मोहीम सुरू झाली. त्या गोळ्यांनी प्रसार थांबतो, मात्र कठीण झालेला पाय पूर्ववत होत नाही.

दाबाचे मोजे

कॉनरॅड जॉब्स्ट या अमेरिकेतील अभियंत्याला पायाच्या शिरांचा विकार होता. तलावात उभे राहिल्यावर त्याला बरे वाटे, कारण पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो व घोट्यावर सर्वात जास्त पडतो. त्यावरून त्याने १९५० च्या सुमारास घोट्याशी घट्ट आणि वर सैल होत जाणारे मोजे तयार केले.

हे मोजे सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी, सूज नसताना घालावेत. घडी पडू देऊ नये. घडी दोरीसारखी आवळते. रात्री काढावेत. कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवावेत, कारण उन्हाने त्यांची ताण धरण्याची शक्ती जाते. दाब किती हवा हे डॉक्टरांनीच ठरवावे.

मधुमेहींनी विशेष सावध असावे. पूज्य बाबासाहेबांनाही अखेरच्या वर्षांत मधुमेह व पायांच्या वेदनांनी ग्रासले होते. अशा पायाची संवेदना कमी झालेली असते. रोहिण्या अरुंद असतील तर घट्ट मोज्याने जखम होऊन पाय धोक्यात येतो. म्हणून आधी पायाची नाडी तपासून घ्यावी. एकाच पायाला अचानक सूज येऊन दुखू लागले, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सुजेबरोबर दम लागणे, तोंड सुजणे किंवा गरोदरपणात डोके दुखणे, हीही मोज्याची नव्हे, तपासणीची लक्षणे आहेत.

मोजे महाग असतात, पण काही उपाय फुकट आहेत. काम संपल्यावर पाय छातीपेक्षा उंच ठेवून पडावे. प्रवासात अर्ध्या-अर्ध्या तासाने घोटे वर-खाली हलवावेत. पाय रोज साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. हत्तीरोगाच्या पायाला तर ही स्वच्छता औषधाइतकीच महत्त्वाची आहे.

विनयपिटकातील महावग्गात अशी हकीकत आहे की, आजारी आणि दुर्लक्षित भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी धुऊन स्वच्छ केले. दुःखाला कारण असते व कारण दूर करता येते, ही त्यांची शिकवण. तेव्हा आज घरी गेल्यावर प्रत्येकाने आपल्या आई-वडिलांच्या घोट्यावर अंगठा दाबून पाहावा. खळगा पडला तर घाबरू नये, पण थांबूही नये. परतीची वाट खुली आहे तोवरच चालू लागावे, एवढेच आमचे सांगणे.

जयभीम!