गाठ न मारता दोरा अडकवणे

सुईत दोरा ओवला की आपला हात आधी कुठे जातो? टोकाशी. बोटाला वेढा दिला, ओढला, झाली गाठ! फाटके शिवताना हे चालते. कशिद्याला मात्र गाठ नको.

का बरे? बाळाचे झबले घ्या. वर सुंदर फूल, आत सात-आठ गाठी. त्या बाळाच्या पोटाला घासतात. बाळ रडते, आणि आपण दृष्ट काढत बसतो! पातळ कापडावर इस्त्री फिरवली की गाठीचा उंचवटा वर दिसतो. विरळ कापडातून तर गाठ ओढताच वर निघून येते, मग टाके सैल होतात. विकलेला रुमाल पहिल्याच धुण्यात उसवला, तर ते गिऱ्हाईक पुन्हा तुमच्या दारी येईल का?

मास्तरांना सुईतले काय कळते, असे म्हणू नका. आपला शिंपीही पुरुषच ना?

सोपी रीत अशी. सुई खालून वर काढा, पण दोऱ्याचे तीन बोटे शेपूट मागेच राहू द्या. ते बोटाने दाबून धरा. पुढचे चार-पाच टाके त्याच्यावरून जाऊ द्या. शेपूट टाक्यांखाली पक्के बसते. उरलेले कापा. पान भरायचे असेल तर पानाच्या आतच तीन-चार बारीक धावदोरे घाला. मग पान भरा, ते झाकून जातात.

तिसरी रीत मला फार आवडते. कशिद्याच्या लडीचा दोरा बहुधा सहा पदरी असतो. त्यातला एकच पदर सोडवा, दोन हात लांब. मधोमध दुमडा. दोन्ही टोके मिळून नेढ्यात ओवा. दुमडलेल्या बाजूला फासा राहील. सुई खालून वर काढा. फासा थोडा मागे ठेवा. शेजारीच सुई खाली घाला, फाशातून काढा आणि हलके ओढा. बसला दोरा! पण दोन पदरी, चार पदरी कामालाच ही रीत चालते. एका किंवा तीन पदरांना नाही.

धारवाडकडच्या बाया इरकली लुगड्यावर कसुती काढतात, तीही गाठीवाचून. त्यातला गवंती टाका उलट-सुलट दोन्हीकडून सारखाच दिसतो. मिळाले तर असे लुगडे उलटून पाहा.

दोरा संपतानाही गाठ नको. मागच्या चार टाक्यांखालून सुई सरकवा, एकदा उलटी फिरवा आणि दोरा कात्रीने कापा. दाताने तोडलेले टोक फिसकटते, मग ते नेढ्यात जात नाही.