पिकअपचा स्पार्क प्लग बदलताना

प्रस्तावना

छोटी मालवाहू पिकअप हे आज अनेक कुटुंबांच्या चरितार्थाचे साधन आहे. भाजीपाला, दूध, विटा, घरसामान अशा नाना वस्तू या गाड्या अरुंद गल्ल्यांपर्यंत पोचवतात. अशी गाडी एक दिवस उभी राहिली, तर त्या दिवसाचे भाडे बुडते. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. गाडी अडण्याची कारणे पुष्कळ असतात. त्यांपैकी एक कारण तळहातावर मावेल एवढे लहान असते, ते म्हणजे झिजलेला स्पार्क प्लग. तो घरच्या घरी बदलता येतो. पण हेच सोपे काम घाईने आणि जोर लावून केले, तर इंजिनाच्या हेडचे आटे जातात आणि थोड्या पैशांचे काम मोठ्या खर्चाचे होऊन बसते. काम कोणत्या क्रमाने करावे, प्रत्येक कृतीमागचे कारण काय आणि कोठे थांबावे, हे या पाठात सांगितले आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• स्पार्क प्लगचे कार्य आपल्या शब्दांत सांगू शकाल;
• प्लग बदलण्याच्या कृती योग्य क्रमाने व कारणांसह मांडू शकाल;
• जुन्या प्लगच्या रंगावरून इंजिनाच्या स्थितीचा अंदाज करू शकाल;
• सूचना लिहिताना विध्यर्थी क्रियापदांचा वापर करू शकाल.

मूळ पाठ

१. ठिणगी कशासाठी?

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले जाते व नेमक्या क्षणी त्यात विजेची ठिणगी पडते. मिश्रण पेटते, वायू प्रसरण पावतात, दट्ट्या खाली ढकलला जातो आणि त्या गतीवर चाके फिरतात. एत्येन लेन्वार यांनी १८६० मध्ये आपल्या वायू-इंजिनात विजेच्या ठिणगीचा उपयोग केला होता. पुढे १९०२ मध्ये जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातील अभियंते गोटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाची वीज देणारा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला स्पार्क प्लग सिद्ध केला. भारतात १९५१ मध्ये स्थापन झालेल्या बंगळूरच्या ‘मायको’ कंपनीचे नाव प्लगमुळे चालकांच्या तोंडी बसले. ही कंपनी २००८ पासून ‘बॉश’ या नावाने ओळखली जाते.

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची असते. इग्निशन कॉइल हा दाब वीस हजार व्होल्टच्याही पुढे नेते. प्लगच्या टोकाशी मधला इलेक्ट्रोड आणि बाजूचा वाकवलेला इलेक्ट्रोड यांच्यात बारीक फट असते. ती बहुधा ०.७ ते १.१ मिलिमीटर असते. वीज ही फट उडी मारून ओलांडते, तीच ठिणगी. चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमधील मिश्रण मिनिटाला १५०० वेळा पेटवावे लागते. एवढ्या ठिणग्यांनी धातू हळूहळू झिजतो, फट रुंदावते आणि ती ओलांडण्यास विजेचा अधिक दाब लागतो. मग एखादी ठिणगी पडतच नाही. यालाच चालक ‘गाडी मिसिंग करते’ असे म्हणतात.

२. आधी गाडी ओळखावी

प्रत्येक पिकअपला स्पार्क प्लग असतोच असे नाही. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९२ मध्ये ज्या इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यात ठिणगीची गरजच नव्हती. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटते. काही डिझेल गाड्यांत ‘ग्लो प्लग’ असतात. पण ते थंडीत इंजिन सुरू होण्यास ऊब देतात, ठिणगी देत नाहीत. २००५ मध्ये आलेली ‘टाटा एस’ मूळची डिझेलवर चालणारी. पुढे तिची पेट्रोल व सीएनजी रूपेही आली. म्हणून गाडीच्या नावावर न जाता नोंदणी प्रमाणपत्रातील इंधनाची नोंद पाहावी. पेट्रोल किंवा सीएनजी असेल, तरच हा पाठ त्या गाडीला लागू पडतो.

इंजिन सुरू होण्यास वेळ लागणे, उभ्या गाडीत थरथर जाणवणे, चढावर ओढ कमी पडणे, इंधन जास्त लागणे ही झिजलेल्या प्लगची लक्षणे होत. मात्र कोंडलेला एअर फिल्टर किंवा बिघडलेली कॉइल यांमुळेही हेच घडते. इंजिनाचा दिवा लुकलुकू लागला, तर गाडी तशीच दामटू नये. न जळलेले इंधन धुराड्यातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करते.

पाठगत प्रश्न १
(अ) प्लगची फट रुंदावल्यास काय होते?
(आ) डिझेल इंजिनात इंधन कशाने पेटते?

३. पूर्वतयारी

प्लग किती किलोमीटरनंतर बदलावा आणि कोणत्या क्रमांकाचा बसवावा, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. साधे निकेलचे प्लग लवकर झिजतात. प्लॅटिनम व इरिडियमचे अधिक टिकतात. सीएनजीच्या मिश्रणात ठिणगी पाडण्यास अधिक दाबाची वीज लागते, म्हणून सीएनजी गाडीत फटीची अचूकता अधिक महत्त्वाची ठरते.

दुकानदाराने ‘हाही चालेल’ म्हटले, तरी क्रमांक स्वतः पडताळावा. प्लगच्या क्रमांकात त्याची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमताही दर्शवलेली असते. येथे एक गफलत हमखास होते. एनजीके कंपनीच्या प्लगवर हा अंक जितका मोठा, तितका प्लग ‘थंड’. बॉशच्या प्लगवर मात्र अंक मोठा असेल, तर प्लग ‘गरम’. त्यामुळे एका कंपनीचा अंक पाहून दुसऱ्या कंपनीचा प्लग घेऊ नये. अयोग्य प्लग फार तापला, तर मिश्रण वेळेआधीच पेटू शकते आणि इंजिनाला इजा होते.

साहित्य थोडेच लागते : योग्य मापाचा प्लग पाना, त्याला जोडायचा लांब दांडा, कॉइलचा बोल्ट काढण्यासाठी लहान पाना, फट मोजण्याचे गेज, कोरडे फडके आणि हवा मारण्याचा पंप. टॉर्क पाना मिळाल्यास उत्तम.

४. जुना प्लग काढणे

गाडी सपाट, मोकळ्या हवेच्या जागी उभी करावी, हातब्रेक ओढावा व चावी काढून घ्यावी. जवळपास विडी-काडी पेटवू देऊ नये. सीएनजी गाडीत गॅसच्या नळ्यांना हात लावू नये. गॅसचा वास आला तर काम तेथेच थांबवावे. पुष्कळ छोट्या पिकअपमध्ये इंजिन पुढच्या आसनांखाली असते. तेथे आसन उचलावे लागते.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढताना आटे ओरबाडले जाण्याचा धोका असतो, शिवाय हात भाजतो. प्लगभोवतीच्या खळग्यात धूळ व खडे साठलेले असतात. प्लग काढण्यापूर्वीच ते पंपाच्या हवेने उडवावेत, नाहीतर प्लग निघताच ते सिलिंडरमध्ये पडतात.

एका वेळी एकाच प्लगचे काम करावे. एकाचे काम पुरे झाल्यावर दुसऱ्याकडे वळावे, म्हणजे वायरींची अदलाबदल होत नाही. वायर ओढू नये; तिची टोपी धरून हलकेच फिरवत काढावी. प्लगवरच कॉइल असल्यास जोडणीची खिट्टी सोडवावी, बोल्ट काढावा आणि कॉइल सरळ वर उचलावी. मग पाना प्लगवर पूर्ण बसला आहे, याची खात्री करून तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवावा. पाना तिरका झाला, तर प्लगची चिनी माती तडकते.

५. जुना प्लग काय सांगतो?

काढलेला प्लग लगेच फेकू नये. त्याचे टोक म्हणजे इंजिनाचा प्रकृतिअहवालच होय. कोणता प्लग कोणत्या सिलिंडरचा, हे कळेल अशा रीतीने ते ओळीत मांडावेत.

• फिकट तपकिरी किंवा करडा : जळण ठीक आहे. सीएनजीवर टोक अधिक पांढुरके दिसू शकते.
• कोरडी काळी काजळी : इंधन जास्त किंवा हवा कमी; एअर फिल्टर तपासावा.
• तेलकट काळा : इंजिनऑइल सिलिंडरमध्ये येत आहे; रिंग किंवा व्हॉल्व्हचा दोष संभवतो.
• पेट्रोलने ओला : त्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नसावी.
• पांढराफटक, फोड आलेला : प्लग फार तापतो आहे, प्लगचा क्रमांक, इंधनाचे प्रमाण व इंजिनाची थंडाई तपासून घ्यावी.

सर्व प्लग एकसारखे असतील व एकच वेगळा दिसत असेल, तर दोष बहुधा त्या एका सिलिंडरशी निगडित असतो. एवढी गोष्ट नेमकेपणाने सांगता आली, तरी मिस्त्रीशी होणारे बोलणे बदलते. ‘गाडी बिघडली आहे’ असे सांगणाऱ्या ग्राहकापेक्षा ‘दुसऱ्या सिलिंडरचा प्लग तेलकट निघाला’ असे सांगणाऱ्याचे निदान लवकर होते आणि अनावश्यक खर्चही टळतो.

पाठगत प्रश्न २
(अ) प्लग काढण्यापूर्वी खळगा स्वच्छ का करावा?
(आ) कोरडी काळी काजळी दिसल्यास काय तपासावे?

६. नवा प्लग बसवणे

नव्या प्लगची फट गेजने मोजावी. ती कमी-अधिक असल्यास निकेलच्या प्लगचा फक्त बाजूचा इलेक्ट्रोड हलक्या हाताने वाकवावा. मधल्याला धक्का लावू नये. इरिडियमच्या प्लगचे टोक नाजूक असते, त्याच्या फटीत फेरफार करू नये. हातून खाली पडलेला प्लग वापरू नये.

आता येते ती सर्वांत जोखमीची पायरी. प्लग पान्यात धरावा, पण पान्याची मूठ न लावता केवळ बोटांनी दांडा फिरवून आटे लावावेत. आटे बरोबर लागले असतील, तर प्लग सहज फिरत जातो. सुरुवातीलाच अडला तर तो तिरका लागला आहे असे समजावे, उलट फिरवून काढावा आणि पुन्हा लावावा. पोलादी प्लगपुढे ॲल्युमिनियम मऊ असते. त्यामुळे जोर केल्यास हार हेडचीच होते. आट्यांना ग्रीस लावण्याची सवयही सोडावी. ग्रीसमुळे घर्षण कमी होते आणि प्लग नकळत प्रमाणाबाहेर आवळला जातो.

प्लग बोटांनी पूर्ण टेकल्यावर मगच मूठ लावावी. १४ मिलिमीटर आट्यांचा, वॉशर असलेला नवा प्लग साधारणपणे आणखी अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा आवळतात. टॉर्क पान्याने आवळल्यास ॲल्युमिनियमच्या हेडसाठी २५ ते ३० न्यूटन-मीटर हे त्याचे प्रमाण आहे. लहान आट्यांच्या किंवा वॉशर नसलेल्या प्लगला याहून कमी लागते. म्हणून पुस्तिकेतील व खोक्यावरील सूचना प्रमाण मानावी. सैल राहिलेला प्लग उष्णता हेडला देऊ शकत नाही व तापतो. अति आवळलेला प्लग आटे खातो. यानंतर कॉइल किंवा टोपी घट्ट बसवावी. सर्व प्लग झाल्यावर गाडी सुरू करून आवाज ऐकावा. वहीत तारीख, किलोमीटर आणि प्लगचा क्रमांक नोंदवावा.

७. कोठे थांबावे?

जुना प्लग हलतच नसेल, तर पान्याला नळी अडकवून जोर करू नये. आट्यांशी गंज सोडवणारे तेल थोडे सोडून थांबावे. तरीही न निघाल्यास गॅरेज गाठावे. निघालेल्या प्लगच्या आट्यांवर चंदेरी कीस दिसला, किंवा चिनी मातीचा तुकडा आत पडल्याची शंका आली, तर गाडी सुरूच करू नये. अशा वेळी थांबणे म्हणजे हार नव्हे. एका दिवसाचे भाडे बुडाले तरी चालेल. इंजिन उघडावे लागले, तर अनेक दिवसांची कमाई जाते. कारागिराचे कौशल्य त्याच्या जोरात जितके असते, त्याहून अधिक ते हात कोठे आवरावा हे जाणण्यात असते.

शब्दार्थ

चरितार्थ – उपजीविका. दट्ट्या – सिलिंडरमध्ये वर-खाली सरकणारा भाग, पिस्टन. आटे – स्क्रूसारख्या वस्तूवरील गोल चढत जाणाऱ्या खाचा. गफलत – चूक. निगडित – संबंधित. जोखीम – धोका.

भाषाभ्यास

‘पाना फिरव’ हे आज्ञार्थी वाक्य आहे. ‘पाना फिरवावा’ हे विध्यर्थी वाक्य आहे. आज्ञार्थ समोरच्या व्यक्तीला उद्देशून असतो; विध्यर्थातून कर्तव्य, योग्यता, शक्यता किंवा इच्छा व्यक्त होते. ‘फिरवावा, उचलावी, मोजावे’ या रूपांत कर्माच्या लिंगानुसार बदल होतो : पाना फिरवावा, कॉइल उचलावी, अंतर मोजावे. निषेध दाखवताना ‘नये’ येते : वायर ओढू नये.

तुम्ही काय शिकलात?

• स्पार्क प्लग पेट्रोल व सीएनजी इंजिनात मिश्रण पेटवतो. डिझेल इंजिनात तो नसतो.
• इंजिन थंड असावे, खळगा स्वच्छ असावा आणि एका वेळी एकच प्लग काढावा.
• जुन्या प्लगचे टोक पाहून दोषाचा अंदाज येतो.
• आटे बोटांनी लावावेत. आवळणे प्रमाणातच असावे.

स्वाध्याय

१. ‘जोर केल्यास हार हेडचीच होते’ या विधानाचे कारण पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. जुना प्लग जपून पाहण्याचा मालकाला कोणता लाभ होतो?
३. विध्यर्थी वाक्ये करा : (अ) टोपी हलकेच काढ. (आ) आसन उचल. (इ) प्लग ओळीत मांड.
४. तुम्ही स्वतः करत असलेल्या एखाद्या कामाच्या सहा पायऱ्या, प्रत्येकीच्या कारणासह लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) ठिणगी पडण्यास विजेचा अधिक दाब लागतो व काही ठिणग्या चुकतात. (आ) दाबलेल्या हवेच्या उष्णतेने.
२. (अ) धूळ व खडे सिलिंडरमध्ये पडू नयेत म्हणून. (आ) एअर फिल्टर.