ऑक्टोबरात द्राक्षं शोधू नका

दिवाळीच्या सुटीत चंदीगडहून महाराष्ट्रात जाणारी मराठी घरं हल्ली नाशिकची एक दुपार वाइनसाठी राखून ठेवतात. बेत चांगला आहे. फक्त डोळ्यांपुढचं चित्र फ्रान्स-इटलीचं असतं: शरदाचं कोवळं ऊन, लगडलेले घड, हातात प्याला. ते घेऊन निघालात तर हिरमोड ठरलेला, आणि दोष नाशिकचा नसेल.

द्राक्षाचं वेळापत्रक थंडी ठरवते. युरोपात वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते, वसंतात फुटते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणीला येते. चंदीगडच्या आसपासही ती हिवाळ्यात झोपतेच, जानेवारी-फेब्रुवारीत छाटणी होते; पण पुढचा उन्हाळा असा कडक की पंजाबातलं परलेट जातीचं द्राक्ष जूनच्या सुरुवातीलाच पिकतं आणि पावसाच्या आत उतरवावं लागतं. नाशिकला तर वेलीला झोप लागेल अशी थंडीच पडत नाही. म्हणून तिचं वर्ष शेतकरी कात्रीने ठरवतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, काडी तयार व्हावी म्हणून. सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी, घड यावेत म्हणून. वाइनचा माल हाती येतो तो साधारण जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणजे ऑक्टोबरच्या दुपारी बागेत बहुतेक उघड्या काड्याच दिसणार. छाटलेल्या टोकांतून पाणी ठिबकत असतं, आणि हातमोजे घातलेल्या बाया, वेलीचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून, काडीमागून काडीला पेस्ट लावत पुढे सरकत असतात. माझ्या मते हेही बघण्यासारखं आहे. फक्त आपण तेच बघायला चाललोय हे आधी ठाऊक हवं. ती पेस्ट विषारी असते. शिवाय हा काळ डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या धास्तीचा, परतीचा पाऊस झाला की फवारणीवर फवारणी. मुलांना ओळींमध्ये मोकळं सोडू नका.

यावर कोणी म्हणेल, वाइन तर बाटलीतली, बागेत घड असले काय नि नसले काय. प्याल्यातल्या चवीला त्याने फरक पडत नाही, हे कबूल. फरक पडतो तो ऑक्टोबर हीटने. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्लाही युरोपातलाच, आणि ती खोली १६ ते १८ अंशांची. नाशिकच्या उघड्या गच्चीवर पारा ३० च्या वर असताना तीच वाइन नाकाला नुसती झणझण देते, फळाचा वास मागे पडतो. तेव्हा रेड थोडी गार करून मागा, यात अडाणीपणा काही नाही. बसायला आतली जागा धरा आणि सुरुवात शेनिन ब्लाँ किंवा सॉव्हिन्यो ब्लाँने करा. नाशिकच्या सुला वाइनरीने २००० साली पहिली वाइन काढली तीही याच पांढऱ्या द्राक्षांची.

मग फेब्रुवारीतच जावं का? जमत असेल तर जरूर. (गुलाबांच्या उत्सवाचे दिवस सोडून चंदीगडकर हलतील का, हा प्रश्न वेगळा.) गर्दीचा आक्षेप खरा आहे, शनिवार-रविवारी गंगापूर धरणाच्या बाजूला गाड्यांची रांग लागते. त्यावर उपाय म्हणजे मधला वार. पण तोडणीच्या दिवसांतही दुपार चुकीचीच, कारण वाइनची द्राक्षं गार असतानाच, पहाटे नाहीतर सकाळी तोडतात. जेवून, वामकुक्षी करून पोचणाऱ्याला टबात पर्यटकांनी तुडवलेली द्राक्षं दिसतात. खरा माल केव्हाच टाकीत गेलेला असतो.

ऑक्टोबरच हाती असेल तर २ तारीख टाळा, गांधी जयंतीचा ड्राय डे असतो. आणि घोटभर चाखल्याने काय होतंय, हा युक्तिवाद घरी ठेवून या, कारण तोच सगळ्यांत महाग पडतो. एका टेस्टिंगला समजा ६ वाइन आल्या, प्रत्येकी ३० मिलिलिटर. झाले १८० मिलिलिटर. १३ टक्क्यांच्या हिशेबाने जवळपास १८ ग्रॅम अल्कोहोल. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. रिकाम्या पोटी ती ओलांडायला मध्यम बांध्याच्या माणसालाही एवढं पुरतं, किरकोळ बांध्याच्या बाईला तर सहज. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, पण पैसे मोजलेली वस्तू थुंकून टाकणं आपल्या रक्तातच नाही. त्यामुळे जाता-येता दोन्ही वेळची गाडी चालकासकट आधीच ठरवा.

आणि शरदातच पिकलेलं फळ झाडावर बघायचा हट्ट असेल, तर नाशिकपर्यंत जाताच कशाला? परवाणूवरून वर चढा. किन्नौरकडची सफरचंदं ऑक्टोबरातही उतरत असतात, आणि फळांची वाइन हिमाचलातही होते. रस्ता घाटाचा आहे, चालवणारा तिथेही न पिणाराच हवा.