निवारा आणि घर

अन्न, वस्त्र आणि निवारा या मनुष्याच्या तीन मूलभूत गरजा होत, हे तुम्ही लहानपणापासून वाचीत आला आहात. संकटकाळी अन्न आणि वस्त्र बाहेरगावाहून आणून एका दिवसात वाटता येते. निवाऱ्याचे मात्र तसे नाही. पूर, भूकंप किंवा कोसळलेली दरड यांमुळे ज्यांचे सारे गावच नाहीसे झाले, त्यांना पुन्हा घर मिळवून देणे हे फार विचाराने करावयाचे कार्य आहे. ते कसे करावे, याचा एक मोठा धडा मराठवाड्याच्या भूमीने आपणांस दिला.

दिनांक 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन आटोपून लोक गाढ झोपी गेले होते. पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, या जिल्ह्यांतील धरणी हादरली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची अनेक गावे काही क्षणांत दगडमातीचे ढीग होऊन पडली. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली.

एवढी प्राणहानी का झाली? याचे उत्तर तेथील घरांच्या रचनेत सापडते. त्या प्रदेशात दोन-तीन फूट रुंदीच्या दगडी भिंती मातीच्या गाऱ्यात बांधीत. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या अंगास दगडांच्या दोन स्वतंत्र रांगा असत, आणि मधली पोकळी लहान दगड व माती यांनी भरलेली असे. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्याच्या काहिलीत अशी घरे थंडगार राहत. पूर्वजांनी ती अविचाराने बांधली होती, असे कोणी म्हणू नये. परंतु भूमी हलू लागताच भिंतीच्या दोन्ही रांगा एकमेकींपासून सुटल्या, दगड ढासळले आणि माळवदाचा भार झोपलेल्या माणसांवर आला.

आता पुनर्वसनाचे काम सुरू झाले. ज्या गावांची सर्वांत अधिक हानी झाली होती, अशी 52 गावे नव्या जागी वसविण्याचे ठरले. तेथे भूकंपाचा धक्का सोसणारी पक्की घरे बांधण्यात आली. कुटुंबाची शेतजमीन किती आहे, हे पाहून 250, 400 किंवा 750 चौरस फुटांचे घर देण्यात आले. रुंद, सरळ रस्ते आखले गेले आणि घरे ओळीने उभी राहिली. लोकांच्या डोक्यावर सुरक्षित छप्पर आले, ही गोष्ट लहान नव्हे.

तथापि, शेतकऱ्याच्या घराला केवळ खोल्या पुरत नाहीत. बैल कोठे बांधावयाचे? कडबा कोठे रचावयाचा? धान्याची पोती, नांगर, औत कोठे ठेवावयाचे? जुन्या गावात घराला घर लागून होते. एका ओट्यावरून हाक मारली, तर ती शेजारच्या ओट्यावर ऐकू जाई. नव्या गावांत अंतरे वाढली, ओळखीचे शेजार तुटले. म्हणून पुढे अनेकांनी आपल्या नव्या घराशेजारी पत्र्याचे आडोसे उभारले. घर बांधण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न असे घर बांधून झाल्यावर पुढे आले.

याच कार्यक्रमात आणखी एक काम झाले. ज्या गावांत घरांना तडे गेले होते, पण गाव हलविण्याची आवश्यकता नव्हती, तेथे घरमालकांनी स्वतःच शासनाच्या साहाय्याने घरांची दुरुस्ती करावी, असे ठरले. गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. त्यांनी घरोघर जाऊन सांगितले, की भिंतीत ठराविक अंतरावर आरपार जाणारा लांब दगड बसविला, म्हणजे दोन्ही रांगा एकमेकींना धरून राहतात. आणि दाराच्या चौकटीच्या पातळीवर सर्व भिंतींभोवती काँक्रीटचा सलग पट्टा बांधला, म्हणजे कोपरे फुटत नाहीत. ज्या स्त्रिया पूर्वी चारचौघांत बोलत नसत, त्या आता गवंड्याला कामाविषयी प्रश्न विचारू लागल्या. घर कसे उभे राहते, हे ज्ञान गावातच राहिले.

पुढे 26 जानेवारी 2001 रोजी गुजरातमधील कच्छ भागात मोठा भूकंप झाला. तेथे बहुसंख्य कुटुंबांना हप्त्याहप्त्याने साहाय्य देण्यात आले. घर त्यांनी स्वतःच उभारावयाचे आणि जाणकारांनी ते तपासावयाचे, अशी व्यवस्था होती. त्याच भूकंपात एक आश्चर्य लोकांच्या दृष्टीस पडले. कच्छच्या बन्नी भागात ‘भुंगा’ नावाची वाटोळी मातीची घरे असतात. त्यांच्या भिंती जाड, पण छप्पर गवताचे, हलके आणि शंकूसारखे असते. त्यांतील कित्येक घरे या धक्क्यातूनही उभी राहिली. वाटोळ्या भिंतीला कोपरा नसल्यामुळे धक्क्याचा जोर एका ठिकाणी एकवटत नाही, आणि छप्पर हलके असल्यामुळे भिंतींवर भार कमी पडतो. शिवाय माती व गवत जवळच मिळते, आतील हवा थंड राहते आणि डागडुजी घरच्या माणसांनाच करता येते. पुढे मातीच्या दाबून केलेल्या भक्कम विटा वापरून असे भुंगे नव्याने बांधण्यात आले.

मुलांनो, या दोन्ही उदाहरणांवरून काय दिसते? निराश्रितांसाठी बांधलेले घर लहान असले तरी चालेल. पण ते धक्क्याला व पावसाला टिकणारे, तेथील हवामानाला मानवणारे आणि कुटुंबाच्या मिळकतीत दुरुस्त करता येणारे असले पाहिजे. कुटुंब वाढले, म्हणजे एखादी खोली वाढविता येईल, अशी जागाही त्यात ठेविली पाहिजे. आणि सर्वांत आधी त्या घरात राहणाऱ्या माणसांना बोलावून विचारले पाहिजे: तुमची चूल कोठे असते, गुरे कोठे बांधता, शेजार कोणाचा हवा? ज्याचे सर्वस्व गेले, त्याला आपल्या घराविषयी बोलण्याचा अधिकार उरलेला असतो. तो राखणे, हे अभियंत्याचे आणि शासनाचे जितके कर्तव्य आहे, तितकेच पुढे नागरिक होणाऱ्या तुमचेही आहे.

अभ्यास

1. किल्लारी परिसरातील जुन्या घरांचा एक गुण आणि एक दोष सांगा.
2. नव्या गावांत लोकांनी पत्र्याचे आडोसे का उभारले?
3. भिंतीत आरपार जाणारा लांब दगड बसविल्याने काय साधते?
4. भुंगा भूकंपात का टिकतो? चार-पाच वाक्यांत लिहा.
5. तुमच्या गावातील एखाद्या जुन्या घराची रचना पाहा. त्यात कोणत्या वस्तू वापरल्या आहेत, हे घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून लिहा.