रात्रीचा ऑक्सिजन घराला किती पडतो?

माणूस घोरता घोरता श्वास अडून दचकून उठतो आणि मग पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. असं झालं की आपल्या बुलढाणा जिल्ह्यात बीबीत काय किंवा लोणारात काय, ‘ऑक्सिजनची मशीन घ्या’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पाच लिटरची मशीन साधारण 35 ते 60 हजारांना पडते. पण झोपेत घसाच मिटत असेल, तर नाकाशी सोडलेला ऑक्सिजन आत जाणार कुठून? ती वाट हवेच्या दाबाने उघडी ठेवते सीपॅप मशीन. म्हणून पहिला पैसा तपासणीवर घाला.

बीबीच्या ग्रामीण रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन जालना किंवा छत्रपती संभाजीनगरच्या छातीच्या डॉक्टरांकडे जा. झोपेची तपासणी खासगीत अंदाजे 5 ते 15 हजारांत होते. संभाजीनगरच्या सरकारी घाटी रुग्णालयात काय सोय आहे, तेही विचारा. तासाला 5 ते 15 वेळा श्वास अडला तर दुखणं सौम्य, 30 च्या वर गेला तर तीव्र.

सीपॅप 30 ते 70 हजारांना मिळते, मास्क वेगळा, 3 ते 8 हजारांचा. पहिला महिना मशीन भाड्यानेच आणा. मास्क चेहऱ्याला बसतो का, हे तेवढ्यात कळतं. जुनी घेत असाल तर मॉडेल तपासा. आतला फोम झिजत असल्याने फिलिप्सने जून 2021 मध्ये अनेक सीपॅप, बायपॅप मशीन परत बोलावल्या होत्या.

विजेचा हिशेब कुणी सांगत नाही, आणि खरा फरक तिथेच पडतो. ऑक्सिजनची मशीन साधारण 350 वॅट खाते. रोज आठ तास धरले तर महिन्याला 84 युनिट! घरचा वापर 100 युनिटांच्या वर गेला की पुढच्या युनिटांचा दरही वाढतो. 150 एएचच्या इन्व्हर्टरवर ती जेमतेम तीन तास चालेल. पाणी गरम न करता चालवलेली सीपॅप मात्र 30 ते 50 वॅटमध्ये भागवते, म्हणजे लाइट गेली तरी रात्र निभावते.

सीपॅप लावूनही ऑक्सिजन कमीच राहिला, विशेषतः चुलीच्या किंवा बिडीच्या धुराने फुप्फुसं खराब झाली असली, तर डॉक्टर दोन्ही मशीन जोडायला सांगतात. किती लिटर, ते त्यांनीच ठरवायचं. आपल्या मनाने ऑक्सिजन वाढवला तर काही रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो.

मास्क लावल्यावर झोपच येत नाही, ही तक्रार खरी आहे. दिवसा टीव्ही बघताना अर्धा तास मास्क लावून सवय करा. उठण्याची वेळ रोज एकच ठेवा. झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडू नका, उठून बसा. मन फारच बेचैन असेल तर 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर फुकट बोलता येतं.

मेडिकलमधून झोपेची गोळी मात्र आपल्या मनाने आणू नका. काही गोळ्यांनी घसा आणखी सैल पडतो आणि श्वास जास्त वेळ अडतो.