'रन'चे अर्थ आणि आपली क्रियापदे

बऱ्याच वर्षांपूर्वी इंदुरात एका संस्थेसाठी मी प्रथमोपचाराच्या पत्रकाचे मराठी भाषांतर केले. भाजलेला भाग गार 'रनिंग वॉटर'खाली 20 मिनिटे धरावा, असे मुळात होते. मी लिहिले, 'गार वाहत्या पाण्यात 20 मिनिटे धरा.' पत्रके छापून वाटली गेली. मग आमच्या गल्लीतल्या एका आजींनी विचारले, "वाहतं पाणी म्हणजे नदीचं ना रे? हात भाजल्यावर नदी कुठं शोधू?" त्या थट्टा करत नव्हत्या. मराठीत वाहते पाणी म्हटले की नदी, ओढा, फार तर शेतातला पाट डोळ्यांपुढे येतो. मला म्हणायचे होते, 'नळाच्या धारेखाली धरा.' एका शब्दाचा प्रश्न होता, पण भाजलेल्या माणसाने त्यावर विसंबायचे होते. तेव्हापासून 'रन' दिसला की मी थबकतो.

थबकायला कारणही तसेच आहे. ऑक्सफर्डच्या बृहत् इंग्रजी कोशाचे एक संपादक पीटर गिलिव्हर यांनी केवळ या एका क्रियापदाच्या नोंदीवर नऊ महिने काम केले. अर्थ निघाले 645. हे 2011 मध्ये जाहीर झाले. त्याआधी, 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत, सर्वांत मोठी नोंद 'सेट'ची होती. यंत्रे, आगगाड्या, कारखाने आणि पुढे संगणक आल्यावर 'रन'चा पसारा वाढत गेला, कारण हे सगळे इंग्रजीत 'रन' होते.

पण पायांनी धावणे हा मूळ अर्थ आणि बाकीच्या लक्षणा, असे मात्र समजू नये. जुन्या इंग्रजीतल्या याच्या पूर्वरूपात धावणे आणि वाहणे हे दोन्ही अर्थ होते. जर्मनमध्ये त्यांच्या आजही दोन वाटा आहेत : 'रेनन' म्हणजे धावणे, 'रिनन' म्हणजे वाहणे. सर्दीत नाक 'रन' होते ते या जुन्या अर्थाने. आपल्याकडेही संस्कृतातल्या 'धाव्'ला वाहण्याचा अर्थ होता. मराठी 'धावणे'ने तो टाकून दिला.

भाषांतराच्या वर्गात मी मुलांना 'रन' असलेली वाक्ये देतो. पुण्याकडचा विद्यार्थी 'धावणे' लिहून चुकतो. आमचा इंदुरी विद्यार्थी सहसा तिथे चुकत नाही, तो 'चालवणे'त अडकतो. हिंदीच्या 'चलाना'ने आमच्या घरांत केव्हाच बस्तान बसवले आहे. तिकडे पंखा 'लावतात', आम्ही 'चालवतो'. घरातल्या या बोलीला मी चूक म्हणणार नाही. माझी आईही पंखा चालवायलाच सांगत असे. पण लिहिताना 'चालणे' दगा देते. 'मधुमेह रन्स इन फॅमिलीज' याचे एका मुलीने केले, 'मधुमेह कुटुंबात चालतो.' वर्गात हशा पिकला, कारण मराठीत 'चालतो' म्हणजे हरकत नाही. आमच्याकडे कांदा चालतो, लसूण चालत नाही, मधुमेह चालतो! तिनेच मग दुरुस्ती केली : 'घराण्यात चालत आलेला असतो.' एका 'येणे'ने वाक्य सावरले. 'दुकान चालवतो' म्हणजे तो मालक किंवा व्यवस्थापक, 'दुकान चालते' म्हणजे गिऱ्हाईक भरपूर, आणि 'चालू दुकानदार' म्हटले तर पैसे मोजून घ्यावेत.

या घोटाळ्यातून बाहेर पडायला मी मुलांना एकच सांगतो. क्रियापद झाका आणि कोण 'रन' होते आहे ते पाहा. इंग्रजीत एकच क्रियापद सगळीकडे राबते. मराठीत प्रत्येक नामाचे आपले क्रियापद ठरलेले असते. नाक गळते, साडीचा रंग जातो, रडताना काजळ ओघळते, अंगात ताप असतो, रस्ता नदीच्या कडेने जातो, नाटकाचे प्रयोग होतात, ओळखीच्या माणसाची अवचित गाठ पडते, बँकेवर ठेवीदारांची झुंबड उडते. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' करतो, ब्रिटनमध्ये 'स्टँड', आणि आपण ब्रिटिशांच्या मागे गेल्यामुळे आपला उमेदवार उभाच असतो.

काही ठिकाणी मात्र 'धावणे' इंग्रजीच्या बोटाला धरून आले आणि इथलेच झाले. क्रिकेटच्या धावा आणि धावचीत यांना आता कोण परके म्हणेल? आकाशवाणीवरचे धावते वर्णनही तसेच. 'गाडी दोन तास उशिराने धावत आहे' ही फलाटावरची घोषणा मात्र मला अजून पटत नाही. धावते आहे तर उशीर कसा? 'गाडीला दोन तास उशीर आहे' यात काय कमी होते? आणि वृत्तवाहिन्या बातमी 'चालवतात' तेव्हा मी आवाज बंद करतो. हा माझा हट्ट समजा.

मला सर्वांत अधिक दिले ते 'रन आउट'ने. क्रिकेटमधला नव्हे, घरातले मीठ 'रन आउट' होते तो. मुले 'संपले' लिहितात, ते बरोबरच आहे. पण आपल्याकडे 'सरले' आहे. मीठ सरले, दिवस सरले, उन्हाळा सरत आला. हे 'सरणे' संस्कृत 'सृ'पासून आले. त्याचा अर्थ धावणे, वाहणे. सरितेत तोच धातू आहे. म्हणजे इंग्रजीने ज्या वाटेने 'धावणे'पासून 'संपणे' गाठले, त्याच वाटेने मराठीही गेली, एकमेकींना न विचारता. 'बाजूला सर' मध्ये जुनी गती शिल्लक आहे आणि 'मीठ सरले' मध्ये तिचा शेवट. कोशात 'रन' खाली हा शब्द शोधायला कोणी जात नाही, आणि आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी तो घरी ऐकलेलाच नव्हता.

हे सांगून झाल्यावर मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. म्हणाला, "सर, आमची आजी कुंकू सरलं म्हणू देत नाही. कुंकू वाढलं म्हण, असं सांगते." मी फळ्यावर 'रन आउट' लिहिले, त्यापुढे 'सरणे' लिहिले आणि त्याच्या खाली 'वाढणे' लिहिले. तास संपला होता, पण कोणी उठले नाही. उद्या येताना प्रत्येकाने घरात 'संपले' कशाकशाला म्हणत नाहीत ते विचारून या, असे सांगून मी फळा तसाच ठेवला.